एक्सल तुटला नव्हता, हऱ्या

हऱ्या, तुझ्या तेराव्याला वेसाव्यात तुझ्या दारातल्या मांडवात जेवायला बसलो होतो. पाठीमागून एकजण दुसऱ्याला सांगत होता, "गाडीचा मागचा एक्सल तुटला ना. जुनाच ठोकूनठाकून परत बसवला होता म्हणे." दुसरा म्हणाला, "कंजूषपणा नडतो." आणि त्यानं आणखी भात मागितला.

मी पानावरून उठलो. उठायला नको होतं, समोर तुझी आई बसली होती. 

एक्सल तुटला नव्हता. हे तुला सांगायला नको, तू गाडीत होतास. बाकीच्यांना सांगून सांगून मात्र माझा घसा बसलाय. आणि ही वेळ आली कोणावर, तर माझ्यावर. तो एक्सल परत बसवू नको, नवा घाल, म्हणून ज्यानं अख्खा पावसाळा तुझं डोकं खाल्लं त्याच्यावर. आपलं ते भांडण अजून मिटलेलं नाही, आणि तुझी बाजू लढवायला तू मला एकट्याला सोडून गेलास. हे बरं नाही केलंस.

तुला कधी काही लिहिलं नव्हतं. अंधेरीच्या या टोकाला मी, त्या टोकाला तू. लिहायचं कशाला? बोलायचं असलं की तू यायचास, गॅरेजच्या दारात हॉर्न दाबून धरायचास, मी बाहेर येऊन शिव्या घालेपर्यंत सोडायचा नाहीस. आता बोलायचं आहे ते भलतंच साठलंय, म्हणून लिहितो.

ती गाडी तू बोरीवलीच्या एका शेठच्या बंगल्यामागून आणलीस, तेव्हाच मी म्हटलं होतं की ही ब्याद आहे. अमेरिकन, दोन दरवाजांची, आठ सिलिंडरची, स्टिअरिंग डाव्या हाताला. नाक एवढं लांब की गल्लीत वळवायची म्हणजे दोघांनी उतरून बघायचं. गिरणी बंद पडून माझी फिटरची नोकरी गेली होती, औद्योगिक वसाहतीच्या भिंतीला टेकून गॅरेज टाकलं होतं, आणि माझ्याकडे येत होत्या रिक्षा आणि टेम्पो. त्यात तू हे धूड आणून उभं केलंस. तिच्यावरची ताडपत्री काढलीस आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिलास. मी इंजिन चालू केलं. समोरच्या टपरीवरच्या बरण्या थरथरल्या. मी काही बोललो नाही आणि तू म्हणालास, "बस, कळलं मला."

मला आवडली होती, ते तुला कळलं होतं. तुला माझं सगळंच असं न सांगता कळायचं, म्हणून तर चीड यायची.

तुझ्या घरात तुझ्याआधी कोणी चाक हातात धरलं नव्हतं. बाप बोटीवर, काका बोटीवर, भाऊ बोटीवर. तू मासळीच्या बर्फाचा ट्रक चालवता चालवता सिनेमावाल्यांकडे गेलास. पडद्यावर हिरो गाडी हाकताना दिसतो, पण गाडी खड्ड्यावरून उडते तेव्हा आत तू असायचास, डोक्यावर हिरोच्या केसांचा विग घालून. स्वतःची गाडी असली तर काम आपल्याकडे चालत येईल, असा तुझा हिशेब होता. चालत आलंही. व्हिलनला मोठी गाडी लागायची आणि अंधेरीपासून बोरीवलीपर्यंत अशी गाडी तुझ्याकडेच होती.

उड्या मारून मारून तिचं मागचं अंग गेलं. मागच्या दोन चाकांना जोडणारा तो लोखंडी नळा, त्याच्या मधल्या फुगीर पोटात दातेरी चाकं, दोन्ही बाजूंना शाफ्ट, हा सगळा मिळून एक्सल. नळा वाकला होता. वळणावर आतून गुरगुर यायची आणि सरळ रस्त्यावर वेग घेतला की शिट्टी.

मी म्हटलं, नवा घाल. तिचा स्वतःचा मिळणार नाही, परदेशातून आणायचा तर परवान्यातच म्हातारे होऊ. पण आपल्याकडच्या जीपचा नवाकोरा मिळतो. रुंदीला थोडा कमी पडेल, स्प्रिंगच्या पाट्यांच्या बैठका वेल्डिंग करून सरकवू, पण लोखंड ताजं असेल. एकदा वाकलेलं लोखंड सरळ केलं तरी ते पुन्हा त्याच जागी वाकतं. गिरणीत मी हे डोळ्यांनी बघितलं होतं.

तू म्हणालास, "जीपचा घातला तर ती जीपसारखी चालेल."

"चालू दे. चालेल तरी."

"तिला बघायला येतात रे लोक. मागून बसकी, रुंद, अशी दिसते म्हणून घेतात. मागून अरुंद झाली तर म्हशीला शेळीचे पाय लावल्यासारखी दिसेल."

"तुला दिसण्याचं पडलंय. मला तुझ्या मानेचं पडलंय."

मग तू बापाच्या बोटीचं काढायचास. बोटीची फळी सडली की फळी बदलतात, बोट टाकून देत नाहीत. तुझ्या बापाची बोट निम्म्याहून जास्त बदलली होती आणि तरी ती तीच बोट होती, तोच आवाज, तोच डावीकडे कलायचा खोडसाळपणा. मी म्हणायचो की बोट कोणी खड्ड्यावरून उडवत नाही. तू म्हणायचास, "एकदा ये माझ्याबरोबर समुद्रात, मग सांग उडते की नाही." असं पावसाळाभर चाललं. तुझी बायको जयवंती बाजारातून मासळीची टोपली रिकामी करून घरी जाताना गॅरेजवर यायची, आपलं ऐकत उभी राहायची आणि म्हणायची, "तुम्हा दोघांचं लग्न लावून द्यायला हवं होतं." एवढं बोलून तुझा डबा देऊन जायची.

शेवटी गाडी तुझी होती. मी चिडून कामाला लागलो. हात चिडलेले असले की माझं काम चांगलं होतं, हे तुला माहीत होतं, आणि मला वाटतं तू त्याचा फायदा घेतलास. नळा तापवून सरळ केला. बाजूनं जाड पट्ट्या वेल्ड करून त्याला आधार दिला. शाफ्ट लेथवर चढवून बघितले, त्यातला एक टाकून दिला आणि तसाच दुसरा कुर्ल्याच्या भंगारात चार वेळा हेलपाटे घालून शोधला. बेअरिंगं नवी, सील नवे. दातेरी चाकांची जोडी तू कुठल्याशा परदेशी बोटीवरच्या खलाशाकडून मागवलीस. ती कशी आली ते मी विचारलं नाही. एकेक दात हातानं घासून बसवला. त्या गुरगुरीचं मूळ सापडलं त्या दिवशी मी तुला बोलावून दाखवलं. तू वाकून बघितलंस आणि म्हणालास, "आता कशी गप्प बसली बघ." मी म्हटलं, "दोन उड्या टिकेल." तू म्हणालास, "वीस."

मग हायवेला घेऊन गेलास. जोगेश्वरी, गोरेगाव, मालाड मागे पडलं, बोरीवलीला नॅशनल पार्कची झाडं आली तरी तू बोलत नव्हतास. मी कान मागे लावून बसलो होतो. शिट्टी नाही, गुरगुर नाही. नुसता टायरचा आवाज. तू काच खाली केलीस, कोपर बाहेर टाकलंस आणि मला विचारलंस, "बोल आता."

मी म्हटलं, "नवा असता तर मी झोपलो असतो निवांत."

तू हसलास. तो दिवस मला देऊन ठेवलास त्याबद्दल, हऱ्या, मी तुझा ऋणी आहे. माझ्या हातचं एवढं चांगलं काम त्याआधी झालं नव्हतं आणि ते तुझ्या हट्टामुळे झालं. हे तुला तेव्हा सांगायचं राहिलं. सांगितलं असतं तर वर्षभर ऐकवलं असतंस.

त्या एक्सलनं सात-आठ उड्या खाल्ल्या. प्रत्येक वेळी तू येऊन बोटं मोजून दाखवायचास.

आणि मग दिंडोशीची ती खाण.

सफारी घातलेला तो प्रॉडक्शनचा मॅनेजर, त्याचं नाव मी घेत नाही. सकाळपासून त्याचं एकच चाललं होतं, हिरोला दुपारी निघायचंय. लाकडी उतार बांधला होता, त्यावरून गाडी चढून खड्ड्यापलीकडे पडणार. पलीकडे मऊ माती आणि वाळू हवी होती, जाड थर, हे आदल्या दिवशी तू माझ्यासमोर त्याला सांगितलं होतंस. त्यानं मान हलवली होती. आपण पोचलो तेव्हा पलीकडे उघडा खडक होता. मातीचा ट्रक आला नव्हता. शिवाय कॅमेऱ्याला गाडी आभाळात दिसायला हवी म्हणून उताराचं टोक आणखी उचललं होतं. तुला न विचारता.

मी म्हटलं, "हऱ्या, नाही म्हण."

तू उताराच्या टोकाशी जाऊन उभा राहिलास. खाली बघितलंस. मॅनेजर आला, तुझ्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाला, "क्या हरेशभाई, आपके लिए तो ये कुछ भी नहीं." हिरोचा विग बसवायचा म्हणून हेल्मेट काढायला लावलं. "शॉटमध्ये हेल्मेट दिसलं तर सगळं फुकट जाईल." तू हेल्मेट माझ्या हातात दिलंस.

मी परत म्हटलं, "ट्रक येऊ दे. तासाभरात येईल."

तू म्हणालास, "असू दे रे."

एवढंच. माझ्याशी भांडायला तुझ्याकडे अख्खा पावसाळा होता. बोटीची फळी, जीपचे पाय, म्हैस, शेळी, एवढे दाखले होते. त्या माणसाशी भांडायला एक मिनिट नव्हतं. हे मला गिळता येत नाही. मी हे जयवंतीला विचारलं. ती म्हणाली, "घरच्याशीच भांडायचा तो. बाहेरच्याला नाही म्हटलं की पुढच्या वेळी दुसऱ्याला बोलावतात, ही भीती होती त्याला. बोलला नाही कधी, पण मला कळायचं." म्हणजे तुझंही न सांगता कळणारं कोणीतरी होतं. मला हे कळलं नाही. मला वाटायचं तुला भीती कशाचीच नाही.

गाडी उडाली. सरळ उडाली, मी मागून बघत होतो. नाक खाली गेलं आणि पुढची दोन्ही चाकं खडकावर आदळली. मग मागची बाजू खाली आली. पुढचं सगळं आत गेलं होतं.

रुग्णवाहिका नव्हती. होती ती हिरोची गाडी, आणि ती देता येईना, कारण त्याला निघायचं होतं. शूटिंगचे दिवे वाहणाऱ्या टेम्पोच्या हौद्यात तुला ठेवलं. तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. हायवेला लागेपर्यंत श्वास होता. मग नव्हता.

आता लोक सांगतात, जाताना तू विचारलंस, "शॉट कसा झाला?" ही गोष्ट कोणी काढली कुणास ठाऊक. स्टुडिओच्या चहावाल्यापासून सगळे सांगतात, डोळ्यांत पाणी आणून सांगतात. खोटं आहे. तू काही विचारलं नाहीस. तुला बोलता येत नव्हतं. तुझ्या तोंडी असलं वाक्य घालून त्यांना काय मिळतं ते मला समजत नाही. मेल्यावरसुद्धा माणसानं त्यांचंच काम करत राहायचं?

एक्सलची गोष्ट मात्र कोणी काढली ते मला माहीत आहे. हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर मॅनेजर हवालदाराला सांगत होता, "गाडी उसकी खुद की थी. पीछे का एक्सल पुराना था, रिपेअर किया हुआ. टूट गया." माझ्या कपड्यांवर तुझं रक्त होतं आणि तो माझ्यासमोर हे बोलत होता. मी म्हटलं, साहेब, एक्सल मी बांधलाय, तो तुटलेला नाही, जाऊन बघा. हवालदार म्हणाला, तू मेकॅनिक म्हणजे तू असंच म्हणणार. आणि पंचनाम्यात एक्सल आला. तिथून पेपरात आला, पेपरातून मांडवात आला.

पोलिसांकडून गाडी सोडवून गॅरेजवर ओढून आणली तेव्हा पहिल्यांदा मलाच ती उघडवेना. खरं सांगतो. मी नको म्हणत होतो तेच झालं असेल तर? मी जिंकलो असेन तर? दोन दिवस ती तशीच उभी होती. तिसऱ्या दिवशी जयवंती आली, टोपली खाली ठेवली आणि म्हणाली, "अनंतभाऊ, उघडा. काय असेल ते मला बघू दे."

मी म्हटलं, उघडतो, पण एकटी बघू नको. तुझ्या धंद्यातल्या ड्रायव्हरांना निरोप धाडले. सगळे आले. मॅनेजरलाही कळवलं, तो आला नाही.

गाडी मागून उचलली. चाकं काढली. तेल काढलं, तेलात लोखंडाचा कीससुद्धा नव्हता. दोन्ही शाफ्ट ओढून बाहेर काढले आणि जमिनीवर पोत्यावर ठेवले. सरळ. दात सगळे जागच्या जागी. नळ्याला दोरी लावून बघितली, केसाएवढाही वाकलेला नाही. तुझे ड्रायव्हर एकेक करून वाकले, हात फिरवून बघितला.  जयवंतीनंही हात फिरवला. तिनं विचारलं, "हा तुटला म्हणतात तो?"

"हाच."

ती तिथंच उकिडवी बसून राहिली. मी तिला रडताना तेव्हा पहिल्यांदा बघितलं. तेराव्यापर्यंत रडली नव्हती.

मी बाजूला गेलो. मला काय वाटत होतं ते कसं सांगू? तू बरोबर होतास. आपल्या भांडणात तू बरोबर होतास आणि त्याचा तुला काडीचा उपयोग झाला नाही. नवा असता, जुना असता, सोन्याचा असता, खडक तो खडकच होता.

ड्रायव्हरांनी तिथंच उभ्या उभ्या ठरवलं. ही कंपनी खरं काय ते चारचौघांत सांगत नाही तोवर तिच्या गाडीत कोणी बसायचं नाही. मला वाटलं बोलतात, आठवड्यात विसरतील. विसरले नाहीत. तुझ्याकडून उधारीवर पानं खाणारा तो लंगडा बबनसुद्धा, दोनदा बोलावणं आलं तरी गेला नाही. तू त्याला नेहमी फुकट्या म्हणायचास. मागे घे शब्द.

आणि परवा मॅनेजर माझ्या गॅरेजवर आला. बसला, चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला की शॉट अर्धा राहिलाय. उडीआधी गाडी उताराकडे धावत जाते, ते मागून घ्यायचं आहे. नाक दिसणार नाही, नुसती मागची बाजू. तशी दुसरी गाडी मुंबईत नाही. मी पुढचं थोडं सरळ करून तिला चालती केली तर काम होईल.

मी विचारलं, "मागची बाजू?"

"हां. बस पीछे से."

"तिचा तर एक्सल तुटलाय ना?"

त्यानं उरलेला चहा एका घोटात संपवला. माझ्या हातात पाना होता, तो मी खाली ठेवला. म्हटलं, गाडी आता जयवंतीची आहे, तिला विचार.

तिनं त्याला निरोप दिला की आधी वेसाव्यात येऊन सगळ्यांसमोर खरं सांगा, मग बोलू. तो आला. काल सकाळी, बोटी लागून बायका दारात मासळी निवडत बसल्या होत्या तेव्हा. तुझी आई होती, भाऊ होते, चार ड्रायव्हर होते, मी होतो. तो अंगणात उभा राहिला, पांढरे बूट चिखलात. हळू आवाजात म्हणाला, एक्सल ठीक होता, सांगण्यात गैरसमज झाला.

जयवंती म्हणाली, "मागं ऐकू गेलं नाही."

तो परत म्हणाला, जरा मोठ्यानं.

"खाली माती का नव्हती ते पण सांगा."

त्यानं इकडंतिकडं बघितलं. "ट्रक आला नाही. थांबायला हवं होतं."

"कोणी थांबायला हवं होतं?"

"आम्ही."

मासळी निवडणारे हात थांबले होते. तुझ्या आईनं पदर तोंडाला लावला. मॅनेजरनं रुमालानं मान पुसली आणि विचारलं, "तो गाडी कल सुबह तक मिल जाएगी?"

जयवंती म्हणाली, "गाडी मिळणार नाही."

"पण तुम्ही म्हणाला होतात..."

"खरं सांगा, मग बोलू, असं म्हटलं होतं. बोलले."

तो गेला. पोलिसांचा कागद तसाच आहे, तो काही बदलणार नाही, हवालदारानं मला स्पष्ट सांगितलंय. पण वेसाव्यात आता एक्सलचं नाव कोणी काढत नाही.

सगळे पांगल्यावर मी आणि जयवंती ओट्यावर बसलो. मी तिला म्हटलं, छान केलंस.  ती म्हणाली, "तो असता तर गाडी दिली असती, अनंतभाऊ."

मी नाही म्हणू शकलो नाही. दिली असतीस, हऱ्या. त्याच माणसाला, हसत, असू दे रे म्हणून. माझ्याशी भांडून, जयवंतीशी भांडून दिली असतीस. त्याचाच मला राग आहे, आणि तो काढायचा कोणावर ते मला समजत नाही.